दूध स्वच्छ, कास मऊ, तरीही दगडी

संगमनेर तालुक्यातील त्या गोठ्यावर मला बोलावले होते ते कासेच्या तक्रारीसाठी नव्हे. तिसऱ्या वेताची संकरित होल्स्टीन गाय, विऊन आठवडा उलटलेला. ती कडबा खात होती, पण खुराकाला तोंड लावत नव्हती आणि दूधही उतरले होते. ताजी व्यालेली गाय खुराक टाकून वैरण खाऊ लागली की किटोसिसची, म्हणजे अंगची चरबी वितळून रक्तात कीटोन नावाचे पदार्थ साचण्याच्या आजाराची, शंका घ्यावीच लागते, म्हणून शेपटीच्या शिरेतून रक्त घेऊन त्याचा थेंब मी पट्टीवर ठेवला. मीटरने बीएचबी, म्हणजे रक्तातला मुख्य कीटोन, 1.9 मिलिमोल प्रति लिटर दाखवले. साधारणपणे 1.2 च्या पुढे आकडा गेला की सुप्त किटोसिस मानतात.

त्यानंतर मी कासेकडे वळलो, तेव्हा मालकीणबाईंना नवल वाटले. “अहो डॉक्टर, दुधात गाठ नाही, कासेला सूज नाही, खात नाही म्हणून तुम्हाला बोलावलं, अन् तुम्ही कास काय बघताय?” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु विल्यानंतर दुधात जाणारी ऊर्जा खाण्यातून भरून निघत नाही, तेव्हा गाय अंगावरची चरबी वितळवते, रक्तात कीटोन वाढतात आणि जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी नेमक्या त्याच काळात दुबळ्या पडतात. वाढलेल्या बीएचबीवरून दगडीचे, म्हणजे कासेच्या दाहाचे, निदान होत नाही. कोणत्या गाईची कास आज तपासायची, एवढे मात्र त्यावरून ठरवता येते आणि माझ्या मते तेवढे पुरेसे आहे.

प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा टाकून सीएमटी या दगडीच्या गोठ्यातल्या चाचणीच्या पॅडलमधील चार वाट्यांत थोडे थोडे दूध घेतले, तेवढेच द्रावण घातले आणि पॅडल गोल फिरवले. तीन वाट्यांतले मिश्रण पाण्यासारखे पातळ राहिले. मागच्या उजव्या सडाच्या वाटीत मात्र ते घट्ट होऊन मधोमध गोळा झाले, आणि वाटी तिरपी केली तेव्हा चिकट सरकत खाली आले, म्हणजे त्या सडाच्या दुधात दाहाच्या पेशी वाढल्या होत्या. (विल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, चीक असताना, ही चाचणी फसवी ठरू शकते, इथे तो काळ संपला होता.) डोळ्यांना तेच दूध पांढरेस्वच्छ दिसत होते.

प्रतिजैविक देण्याआधी सडाचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसून निर्जंतुक नळीत नमुना घेतला आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवला. ऊर्जेची तूट भरायला प्रोपिलीन ग्लायकॉल रोज 300 मिलि पाजायला सांगितले, तो सड सर्वांत शेवटी पिळायचा आणि धारेनंतर चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे, असेही बजावले. अहवालात स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू आला. त्याला लागू पडणारी प्रतिजैविकाची ट्यूब सडात सोडली आणि औषधाची मुदत संपेपर्यंत त्या गाईचे दूध डेअरीला घालू दिले नाही. गाय खुराक खाऊ लागली आणि पुढच्या तपासणीत त्या सडाचे दूधही पातळच राहिले.

आधी काय झाले, कीटोन वाढले की कासेत जंतू शिरले, हे एका गाईवरून सांगता येत नाही, कारण कासेच्या दाहानेही भूक मंदावते आणि कीटोन चढतात. डेन्मार्कमध्ये विकसित झालेल्या हर्ड नेव्हिगेटर यंत्रणेत बीएचबीबरोबरच दुधातील एलडीएच हे विकरही धार काढतानाच मोजले जाते. कासेतल्या पेशींना इजा झाली की ते दुधात वाढते. आपल्या संकलन केंद्रावर मात्र सगळ्या गाईंचे दूध एकाच किटलीतून येते आणि फॅट व एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) तेवढे पाहिले जाते, त्यामुळे एका सडातला बिघाड तिथे दिसणे अवघडच असते. म्हणून तो सड गोठ्यातच शोधावा लागतो, आणि त्यासाठी रक्ताची एक पट्टी व सीएमटीचे पॅडल एवढे साहित्य पुरते.