सशांवरचा विषाणू मिळवताना: माझा अनुभव

सप्टेंबरात मला कुणी सांगितलं असतं तर पाच महिने वाचले असते, म्हणून तेच आधी सांगते. आपल्या जमिनीवर सशाची पिल्लं हिंडताना दिसत असतील तर ससे मारायच्या विषाणूसाठी धावपळ करू नका.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या पठारावर आमची बावीस एकर जमीन आहे. दोन वर्षांत लावलेली बाभळीची आणि युकॅलिप्टसची रोपं सशांनी बुंध्यापासून सोलून ठेवली. आठ-दहा ससे मिळून एका मेंढीएवढं खातात, आणि आमच्याकडे एका रात्री टॉर्चच्या उजेडात मी चोपन्न मोजले होते. हा प्राणी मूळचा इथला नाही. १८५९ साली व्हिक्टोरियात थॉमस ऑस्टिन यांनी शिकारीसाठी काही ससे सोडले आणि खंडभर त्यांचं राज्य झालं.

ससे मारणारा विषाणू दुकानात मिळत नाही, सरकारी खात्यामार्फतच घ्यावा लागतो. अर्ज केला, नकाशा जोडला, बिळांच्या जागा खुणावल्या. मग सुरू झालं फोनचं प्रकरण. 'तुमची विनंती नोंदवली आहे', हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं. मधल्या काळात रोपं जात होती. जाळी घातली तर ससे खालून उकरून आत यायचे. (जाळी घालाल तर खालचा भाग बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीत गाडा.) चौथा फोन नोव्हेंबरात केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "पिल्लं दिसतात का?" म्हटलं, रोज संध्याकाळी, मुठीएवढी. त्या म्हणाल्या, "मग आत्ता नाही."

कारण ऐकलं आणि पटलंही, पण रागाने हात थरथरत होते. हा विषाणू, के-फाइव्ह नावाचा, मोठ्या सशाला दोन-तीन दिवसांत मारतो, यकृतच निकामी करतो. पण दहा आठवड्यांच्या आतलं पिल्लू बहुतेक वेळा त्यातून वाचतं, आणि वाचलं की त्याला प्रतिकारशक्ती येते. म्हणजे वसंतात विषाणू सोडला तर आपणच पुढच्या पिढीला लस टोचल्यासारखं होतं. इतकी मुळातली गोष्ट! अर्जात पाण्याच्या टाकीचा रकाना आहे, शेजाऱ्यांचा आहे, पिल्लांचा नाही. सप्टेंबर म्हणजे इथला ऐन वसंत, सशांच्या विणीचा काळ. पहिल्याच फोनवर तो एक प्रश्न विचारला असता तर मी बिळं फोडायला ट्रॅक्टर तरी बोलावला असता.

शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनी धीर दिला. १९५०मध्ये सशांवर मिक्सोमा नावाचा पहिला विषाणू सोडला तेव्हा ते लहान होते. डोळे सुजून मिटलेले ससे कुंपणाला धडकत फिरायचे, ते त्यांना आजही आठवतं. तो डासांमार्फत पसरला आणि सुरुवातीला लागण झालेले जवळजवळ सगळे ससे त्याने मारले. पुढे ससे चिवट झाले आणि विषाणू सौम्य. म्हणून नंतर कॅलिसी नावाचा दुसरा विषाणू आला, आणि २०१७मध्ये त्याचाच कोरियातून आणलेला प्रकार, के-फाइव्ह. आजोबा म्हणाले, "वेळ चुकली की ससे शहाणे होतात."

फेब्रुवारीत फाटकाजवळ एक ससा मेलेला सापडला, अंगावर जखम नाही. पुन्हा अडकलो. २०१५पासून या देशात आरएचडीव्ही-टू हा कॅलिसीचाच दुसरा प्रकार आपोआप फिरतोय. तो नुकताच येऊन गेला असेल तर वाचलेल्या सशांवर के-फाइव्हचा जोर कमी पडतो. रॅबिटस्कॅन या सशांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नोंद करून नमुन्याचं किट मागवता येतं. आम्ही यकृताचा तुकडा पाठवला. निकाल 'विषाणू नाही' असा आला, तेव्हा मला रडू फुटलं.

मार्चमधलं काम मात्र चटकन झालं. आधी काही दिवस साधी गाजरं टाकून सशांना सवय लावायची. नवऱ्याने आणि मी गाजर हलव्याला किसतो तसं नाही, बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. ससे निर्धास्त खायला लागले की मग विषाणू लावलेली गाजरं, तीही संध्याकाळी, पाऊस नसताना. विषाणूची कुपी फ्रीजमध्येच ठेवायची. आणि हो, शेजाऱ्यांना आधी कळवा. कुणाच्या घरी पाळीव ससा असेल तर त्याची लस वेळेत झालेली हवी. माशाही हा विषाणू वाहून नेतात, कुंपण त्यांना अडवत नाही. पलीकडच्या घरातल्या मुलीचा पांढरा ससा आमच्या लसीच्या चौकशीच्या यादीत पहिला होता.

तीन आठवड्यांनी टॉर्च घेऊन फिरलो, तर एकतीस. मी सगळे जातील अशी आशा धरली होती, पण विषाणू एकटा पुरत नाही. मे महिन्यात ट्रॅक्टरने बिळं फोडली, तेव्हा आकडा नऊवर आला. अर्जात पिल्लांचा रकाना घाला, असं पत्र मी त्या कार्यालयाला पाठवलंय. उत्तर अजून आलेलं नाही.