सर, असं तिथे बोलतात का?

"सर, असं तिथे खरंच कुणी बोलतं का?"

आज अरबीच्या क्लासमध्ये शेजारच्या ताईंनी विचारूनच टाकलं. ताई नर्स आहेत, आखातात नोकरीला जायचंय. समोर नगीब महफूझचं पान.

सर हसले. "बोलत नाहीत. लिहितात."

१९८८ चं नोबेल मिळालेला लेखक. कैरोच्या गल्ल्या, कॉफीचे अड्डे, भांडणं, सगळं अस्सल. पण माणसं तोंड उघडतात ती प्रमाण अरबीत! उद्या पंचवटीतला भाजीवाला "महोदय, कोथिंबीर समाप्त झाली आहे" म्हणाला तर कसं वाटेल?

बरं, पानावर जबर-जेर-पेश, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा, नाहीत. ते स्वर आपले आपण भरायचे. कर्ता कुठला, कर्म कुठलं हे बऱ्याचदा शब्दाच्या शेवटच्या स्वरावरून ठरतं, आणि तो स्वर लावायला आधी वाक्य कळायला हवं. घ्या! शब्दकोश उघडावा तर तो धातूंप्रमाणे लावलेला. शब्दाची पुढची-मागची अक्षरं सोलून बहुधा तीन व्यंजनं हाती लागली, की मग पान सापडणार. अख्ख्या तासात एक परिच्छेदही पुरा झाला नाही.

ताईंना पेशंटला "कुठे दुखतंय?" एवढंच विचारायचंय. मी हौसेने कथा वाचायला आलोय, तरी त्यांची चिडचिड मला पटली. दोघांना एकाच बाकावर बसवून एकच पान देणं हेच मुळात चुकतंय.

इथे कुणी आधी बोली शिकून मग साहित्याकडे वळलंय का? कुठली बोली धरलीत, इजिप्तची की आखाती?