तुम्ही विचारलंत म्हणून: गिटार एकट्याची, मग मंडळ कशाला?

हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की एकदा नीट उत्तर द्यायलाच हवं. प्रश्न साधारण असा असतो: गिटार हे एकट्यानं वाजवायचं वाद्य. चाल, साथ, खर्ज सगळं त्या सहा तारांतच असतं. मग तुम्हाला मंडळ कशाला लागतं? आणि तुम्ही काही त्यावर पोट भरत नाही, तर लोकांना बोलावून कार्यक्रम कशासाठी करता?

आधी सांगते की मी क्लासिकल गिटारबद्दल बोलतेय. नायलॉनच्या तारांची, वीज न लागणारी, उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तीन बोटांनी, बहुतेकदा नोटेशनवरून वाजवायची गिटार. आमच्या मंडळात सगळे हौशी आहेत. कुणी हिशेब तपासतं, कुणी दात काढतं, कुणी शाळेत शिकवतं.

आता उत्तर. मला मंडळ लागतं, कारण घरी मी वाजवते पण ऐकत नाही.

घरी रियाज करताना काय होतं ते सांगते. आठव्या बारमध्ये, म्हणजे तालाच्या आठव्या कप्प्यात, बोट घसरलं की मी थांबते, दोन बार मागे जाते, ती जागा पाच वेळा घोटते आणि पुढे जाते. पुढे पुन्हा तेच. तासाभरानं वाटतं, झालं, बसलं. पण त्या तासात ती रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही वाजलेली नसते. तुकडे वाजलेले असतात. कान सगळा वेळ चुकांच्या मागावर असतो, त्यामुळे चाल कुठून निघाली, कुठे चढली, कुठे विसावली हे माझं मलाच कळत नाही. समोर दोन माणसं बसली की मागे जाता येत नाही. मग पहिल्यांदा कळतं की मधला भाग मी फार जोरात वाजवतेय, आणि जिथं श्वास घ्यायला हवा तिथं घाई करतेय. समोरचे काही बोलत नाहीत. ते फक्त ऐकत असतात, आणि त्यांच्या ऐकण्यामुळे मलाही ऐकू यायला लागतं.

आमची बैठक महिन्यातून एकदा होते. खुर्च्या अर्धवर्तुळात, मध्ये एक बिनहाताची खुर्ची, तिच्यापुढे डाव्या पायाखाली घ्यायचं छोटं स्टूल. वाजवणारा बसला की कुणीतरी उठून पंखा बंद करतं. हे न सांगता होतं. ही गिटार फार हळू बोलते. पंख्याच्या घरघरीखाली तिचे बारीक सूर बुडून जातात. पंखा थांबला की खोलीत जी शांतता उतरते, तिच्यात खर्जाच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. त्या क्षणी पोटात गोळा येतो, आणि इतक्या वर्षांत तो गेलेला नाही.

एका बैठकीची गोष्ट सांगते. आमच्यातले एक निवृत्त हिशेबनीस फेर्नांदो सोर या जुन्या स्पॅनिश गिटारवादक-संगीतकाराची बी मायनर या पट्टीतली स्टडी, म्हणजे सरावासाठी लिहिलेली रचना, वाजवत होते. ओपस ३५ मधली बावीसावी (ओपस म्हणजे संगीतकाराच्या छापील रचनांना दिलेला क्रमांक). विसाव्या शतकातला थोर स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हिया, त्यानं सोरच्या वीस स्टडीज निवडून काढलेल्या संग्रहात हीच पाचवी आहे, त्यामुळे गिटार शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून ती कधी ना कधी जाते. दिसायला सोपी. संथ अर्पेजिओ, म्हणजे एकामागून एक सुटे छेडलेले सूर, आणि त्यांच्यावर तरंगत जाणारी एक उदास चाल. सगळी गोम त्या चालीत आहे. तिचे सूर बाकीच्या सुरांपेक्षा कणभर वर यायला हवेत, नाहीतर नुसता बोटांचा व्यायाम ऐकू येतो. काकांना ती छान जमत होती. मध्यापर्यंत आले आणि डावा हात हवेत राहिला. पुढचा आकार आठवेना. उजवा तळवा तारांवर ठेवून त्यांनी आवाज बंद केला.

कुणी खाकरलं नाही. कुणी ‘असू दे, असू दे’ म्हणालं नाही. चौदा माणसं तशीच बसून राहिली. पण ती अवघडलेली शांतता नव्हती. चाल खोलीत अर्धी लटकलेली होती आणि ती पुरी व्हायची आम्ही सगळे वाट पाहत होतो. काकांनी एकदा डोळे मिटले, चार बार मागची जागा पकडली आणि तिथून निघाले. या वेळी अडखळलेल्या जागेवरून ते सरळ पार झाले, आणि शेवटच्या ओळी त्यांनी अशा वाजवल्या की त्या स्टडीत इतकं काही आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. मी स्वतः ती दोन वर्षं वाजवत होते.

त्यानंतरची चर्चा फार उपयोगाची झाली. बोटांच्या सवयीनं पाठ केलेली रचना घाबरल्यावर पहिली दगा देते, हे एकेकाच्या अनुभवातून बाहेर आलं. मग एकीनं तिची रीत सांगितली: दर आठ-दहा बारांवर एक थांबा ठरवायचा, आणि रियाजात कुठल्याही थांब्यापासून सुरू करून पाहायचं. गिटार हातात न घेता, डोळ्यांपुढे नुसता डावा हात आणून रचना मनात वाजवून पाहायची. जिथं हात दिसेनासा होतो, ती जागा कच्ची. हे मी तेव्हापासून करते.

मंडळात भांडणंही होतात. सगळ्यात जुनं भांडण नखांचं. उजव्या हाताची नखं वाढवून, घासून, गुळगुळीत करून वाजवायचं, की नुसत्या बोटाच्या मांसल टोकानं? नखानं सूर स्वच्छ आणि दूरवर जातो. मांसानं तो मऊ आणि गोल येतो, पण लहान राहतो. हा वाद आमच्या आधी दोनशे वर्षं चालू आहे. सोर नखांशिवाय वाजवायचा, आणि त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी. दोघेही पॅरिसमध्ये होते, आणि सोरनं दोघांनी मिळून वाजवायला एक युगलरचना लिहिली, ओपस ४१. तिचं नावच ‘दोन मित्र’. आमच्याकडे नखांवरून आवाज चढायला लागले की मी याची आठवण करून देते. एका खोलीत दोन्ही तऱ्हा नांदू शकतात, इतकंच नव्हे, त्यांच्यासाठी एक रचना लिहिता येते.

नखवाल्यांची पंचाईत मात्र खरी. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी माझं अनामिकेचं नख गाडीच्या दारात अडकून आडवं तुटलं. तासाभरात मला तारेगा या स्पॅनिश संगीतकाराची ‘लाग्रिमा’ वाजवायची होती, आणि तिची वरची चाल बहुतेक त्याच बोटावर आहे. आमच्या दंतवैद्य सदस्यानं गिटारच्या पेटीतून टेबल टेनिसचा एक चेंडू काढला, कात्रीनं त्याची नखाच्या आकाराची चकती कापली, तुटक्या नखाखाली झटपट चिकटणाऱ्या गोंदानं बसवली आणि बारीक पॉलिश पेपरनं कड घासून दिली. चेंडूची वक्रता नखाशी बरोबर जुळते, म्हणून वादक ही युक्ती पूर्वापार वापरत आलेत. मी बोट तारेवर ठेवलं. सूर थोडा काचेसारखा येत होता, पण येत होता. घरी एकटी असते तर मी त्या दिवशी गिटार पेटीतूनच काढली नसती.

आता ‘एकट्याचं वाद्य’ याबद्दल. आमचा एक वाद्यवृंदही आहे, वीस गिटारींचा. ज्यांना वाटतं की एकत्र वाजवणं सोपं, चुका लपतात, त्यांनी एकदा येऊन ऐकावं. व्हायोलिनचा सूर गजानं हळूहळू उमलवता येतो, त्यामुळे वीस व्हायोलिनी किंचित मागेपुढे झाल्या तरी सूर एकमेकांत मिसळतात. गिटारचा सूर तार सुटताक्षणी जन्मतो आणि तिथूनच विरायला लागतो. त्याला सुरुवातीची धार असते. वीस जणांच्या धारा एका क्षणी आल्या नाहीत तर पत्र्यावर पाऊस सुरू झाल्यासारखं होतं. सुरुवातीला आम्ही मान हलवून, पाय आपटून, मोठ्यानं मोजून पाहिलं. काहीच जमलं नाही. शेवटी जमलं ते श्वासानं. पहिल्या सुराआधी सगळ्यांनी मिळून श्वास घ्यायचा, आणि तो सोडताना वाजवायचं. पहिल्यांदा वीस तारा एकदम सुटल्या तेव्हा माझ्या शेजारची मुलगी वाजवायचं थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

सूर जुळवणं ही वृंदातली दुसरी परीक्षा. नायलॉनची नवी तार पहिले दोन-तीन दिवस ताणली जात राहते आणि सतत उतरते. म्हणून नियम आहे: कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कुणीही तारा बदलायच्या नाहीत. एकानं बदलल्या की बाकी एकोणीस जण बेसूर वाटायला लागतात.

आणि ‘हौशी लोकांनी कार्यक्रम कशाला करायचे’ याचं उत्तर गिटारच्या इतिहासातच आहे. गिटारला मोठ्या संगीतशाळांत जागा नव्हती, तेव्हा तिला हौशी मंडळांनी सांभाळलं. लंडनमध्ये १९२९ साली फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ गिटारिस्ट्स सुरू झाली. तिच्या मागे होते मूळचे रशियाचे डॉ. बोरिस पेरॉट. एक गिटारवेडा बाप आपल्या पोराला तिथं घेऊन गेला आणि पेरॉटनी त्याला शिकवलं. तो पोरगा ज्युलियन ब्रीम. १९४७ साली, तेराव्या वर्षी, त्यानं चेल्टनहॅममध्ये पहिला जाहीर कार्यक्रम केला. पुढे तो विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गिटारवादकांपैकी एक झाला. न्यूयॉर्कच्या सोसायटी ऑफ द क्लासिक गिटारनं १९४६ पासून गिटारला वाहिलेलं एक देखणं नियतकालिक चालवलं. त्याच शहरात, त्याच दशकात, अल्बर्ट ऑगस्टीन या गिटार बनवणाऱ्यानं नायलॉनच्या तारा घडवल्या. तोवर वरच्या तीन तारा आतड्याच्या असत, आणि युद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागत असल्यामुळे ते मिळेनासं झालं होतं. सेगोव्हियानं नव्या तारा उचलून धरल्या. आज आम्ही ज्या तारेवर बोट ठेवतो ती अशा माणसांच्या गोतावळ्यातून आलेली आहे.

कार्यक्रम दोन प्रकारचे. एक आमचा स्वतःचा वर्षातून एकदा, आणि एक पाहुण्या वादकाचा. पाहुण्यांच्या कार्यक्रमात आमचं काम खुर्च्या लावण्यापासून सुरू होतं. एकदा सभागृहाच्या व्यवस्थापकांनी मायक्रोफोन लावलाच पाहिजे असा हट्ट धरला आणि शेवटी लावलाच. वादक उत्तम, वाद्य उत्तम, पण स्पीकरमधून आलेला सूर कुणाचाच नव्हता. तेव्हापासून आम्ही लहान खोल्या शोधतो. साठ खुर्च्या, लाकडी जमीन, जाड पडदे नकोत. एवढं असलं की गिटार शेवटच्या रांगेपर्यंत आपल्या पायांनी जाते.

आमच्या स्वतःच्या कार्यक्रमावरून मात्र मंडळ एकदा फुटायला आलं होतं. काही जणांचं म्हणणं, चाचणी घेऊन निवडक लोकांनाच मंचावर बसवायचं, नाहीतर ऐकणारे पुन्हा येणार नाहीत. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. दुसरी बाजू म्हणाली, मग हौशी कशाला म्हणवून घ्यायचं? तिघं सोडून गेले, त्यातला एक आमचा सगळ्यात तयार वादक होता. त्याची उणीव अजून जाणवते. माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे: मासिक बैठकीला कसलीही अट नको, पण कार्यक्रमात जे वाजवायचं ते आधी तीन बैठकांत वाजवलेलं हवं. आता तसंच चालतं. दोन मिनिटांची रचना चालते, पण पुरी वाजलेली हवी.

आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ सदस्य आता वाजवत नाहीत. संधिवातानं बोटं मिटत नाहीत. तरी एकही बैठक चुकवत नाहीत, आणि पंखा बहुधा तेच बंद करतात. चेंडूच्या नखानं ‘लाग्रिमा’ वाजवली त्या संध्याकाळी ते पहिल्या रांगेत होते. सुरुवातीचा ई मेजरचा उजळ भाग, मधला ई मायनरचा सावळा, आणि पुन्हा पहिला. संपल्यावर ते माझ्याजवळ आले, माझा उजवा हात हातात घेऊन ते नख नीट पाहिलं आणि म्हणाले, “मायनरमध्ये शिरताना थोडी घाई केलीस. पण परत आलीस ना, तेव्हा मला तो पहिलाच भाग नवा वाटला.”

घरी तो भाग मला कधीच नवा वाटला नव्हता. पुढच्या बैठकीत मी तीच रचना पुन्हा वाजवली, या वेळी मायनरच्या दाराशी थोडं थांबून.