झाकणाखालचा मका

बिअर बनवणं हे माझं रोजचं काम. वाफेचा व्हॉल्व्ह उघडला की 500 लिटरची केटल खळखळायला लागते, त्यामुळे उकळी आणायची कशी हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. तो पडला आमच्या पॅकिंगमधल्या एका पोराच्या स्वयंपाकघरात.

त्याने घरी केलेल्या बिअरची बाटली माझ्या टेबलावर आणून ठेवली. "दादा, खरं काय ते सांगा. वाईट नाही वाटणार."

बूच काढलं आणि ग्लासात ओतायच्या आतच उकडलेल्या मक्याचा वास आला. डायमिथाइल सल्फाइड, आम्ही नुसतं डीएमएस म्हणतो. फिकट पिल्सनर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कमी भाजलेला असतो, त्यामुळे त्यात याचं मूळ द्रव्य बरंच शिल्लक राहतं. वर्ट, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून गाळलेलं गोड पाणी, तापलं की त्यातून डीएमएस सुटतं आणि वाफेबरोबर निघून जातं.

"किती वेळ उकळलंस?"

"90 मिनिटं. घड्याळ लावून."

वेळ चोख होती. काही जिवाणूही हाच वास आणतात, म्हणून मी त्याच्या भांडी धुण्यावर घसरलो. जरा फटकळपणेच. पोरगं काही बोललं नाही, फक्त म्हणालं, "पुढच्या वेळी घरी येऊन बघा ना."

गेलो. भांडी लखलखीत होती. गॅसच्या मोठ्या बर्नरवर उंच पातेलं, त्यात 25 लिटर वर्ट. 65 अंशांवरून उकळी फुटायला सव्वा तास लागला आणि फुटल्याबरोबर पठ्ठ्याने वर घट्ट झाकण ठेवलं.

"हे काय?"

"झाकण काढलं की उकळी बसते हो."

काढून पाहिलं. कडेला चार बुडबुडे, मध्ये सगळं शांत. थर्मामीटर 100 दाखवत होता, त्यामुळे त्याच्या लेखी काम चालू होतं. पण मंद उकळी असो की खळखळती, पारा तिथेच राहतो. फरक पडतो तो किती वाफ बाहेर जाते याचा. इथे तर वाफ झाकणाला लागून थेंब होत होती आणि डीएमएस घेऊन परत पातेल्यात पडत होती.

झाकण बाजूला ठेवलं. लाकडी पळीच्या दांड्यावर लिटरच्या खुणा करून अर्ध्या तासाने माप घेतलं. (गरम मापाची तुलना गरम मापाशीच करावी. थंड झाल्यावर तेच वर्ट 4 टक्के कमी भरतं.) अर्धा लिटर उडालं होतं, म्हणजे तासाला एक. पाण्याच्या एका लिटरची वाफ करायला 2257 किलोज्यूल लागतात, तेव्हा हिशोब सोपा होता: उकळीसाठी बर्नरकडे जेमतेम 630 वॉट उरत होते. बाकीची उष्णता पातेल्याच्या बाजूने आणि आजूबाजूच्या हवेत जात होती. मला तासाला निदान दोन-अडीच लिटर उडायला हवे होते.

पातेल्याला जुनी रजई गुंडाळायची कल्पना त्याने मांडली. विजेच्या शेगडीवर कदाचित विचार केला असता; गॅसच्या ज्योतीवर रजई म्हणजे अग्निशमन दलाला आमंत्रण.

बाजूचा लहान बर्नर मात्र रिकामाच होता. दुसरं पातेलं घेतलं, दांड्याच्या भांड्याने निम्मं वर्ट त्यात काढलं आणि दोन्ही बर्नर मोठे केले. पंधरा मिनिटांत मोठ्या बर्नरवरचं पातेलं असं उसळायला लागलं की मध्यभागी वर्ट उलटंपालटं होताना दिसत होतं. फाटलेल्या दुधासारख्या प्रथिनांच्या गुठळ्या वर आल्या. पोरगा म्हणाला, "हे मी आजवर पाहिलंच नव्हतं."

मी कौतुक ऐकत राहिलो आणि हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची, पहिली मूठ टाकली. फेस कधी काठावर आला ते कळलंच नाही. गॅस बंद करेपर्यंत अर्धा ओटा चिकट झाला होता आणि बर्नर विझला होता. रोजच्या कामात मी नव्या मुलांना बजावतो, हॉप्स टाकताना आच कमी करा, केटलपासून हलू नका. त्या दिवशी फडकं माझ्याच हातात आलं.

दुसरीकडची उकळी जरा सौम्य होती, पण पुरेशी. 90 मिनिटांत दोन्ही मिळून साडेतीन लिटर उडाले. लगेच थंड केलं, कारण गरम राहिलं तर डीएमएस तयार होत राहतं आणि बाहेर पडायला वाफ नसते.

महिन्याभराने नवी बाटली टेबलावर आली. मक्याचा मागमूस नव्हता. घोट घेतला आणि तोंड कडू झालं. पूर्वी त्याच्याकडे 24 लिटर उरायचे, या वेळी 21. माल्ट आणि हॉप्स तेवढेच, त्यामुळे बिअर कडक आणि कडू झालेली. सुरुवातीलाच तीन लिटर पाणी वाढव, हे सांगायचं माझ्याकडूनच राहिलं होतं.

"भांडी तर नीट धुतली होती ना?" मी विचारलं. तो हसला.