पांढरा ढग आणि करडा ढग

मे महिन्यात दुपारी दोन वाजले, की माझ्या मेहुण्याचा फोन ठरलेला असतो. त्याची कोल्हापूर जिल्ह्यात कागलच्या बाजूला वीटभट्टी आहे, आणि उन्हात मांडलेल्या कच्च्या विटांवर वळीव कोसळला, तर पंधरा दिवसांच्या थापणीचा तासाभरात चिखल होतो. "दाजी, ताडपत्री टाकू काय?" एवढेच तो विचारतो. त्याला नेमके उत्तर देता यावे, म्हणून मी उपग्रहाची आणि रडारची चित्रे रोज पाहू लागलो.

वळवाचा ढग ओळखणे तुलनेने सोपे असते. उपग्रहाच्या अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, चित्रात ढगाचा माथा जितका थंड, तितका तो पांढरा दिसतो. वळवाचे ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढत असल्यामुळे त्यांचे माथे गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेलेले असतात. २०१६ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीआर आणि २०२४ चा इन्सॅट-३डीएस हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून हे माथे टिपतात. परंतु ढगाच्या पोटात काय चालले आहे, हे रडारच सांगते. थेंबांवर आपटून परतणाऱ्या लहरींचे माप ४० डीबीझेडच्या (परतलेल्या लहरींचा जोर मोजण्याचे एकक) वर गेले, की जोराचा पाऊस समजावा, आणि ५५ च्या पुढे गेले, तर गारांची शंका घ्यावी. एकदा अडीचच्या सुमारास आजऱ्याजवळ असा लाल ठिपका उमटला आणि पुढच्या तीन चित्रांत तो कागलकडे सरकला. मी "अर्धा तास आहे" असे कळवले. शेवटच्या ताडपत्रीवर दगड ठेवेपर्यंत धुळीचा लोट भट्टीवर आला होता.

जुलैत मात्र हेच डोळे फसवतात. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प गगनबावडा, राधानगरीच्या घाटमाथ्याला धडकून वर चढते आणि तिथल्या तिथे बरसते. हे ढग पुष्कळदा फार उंच नसतात. त्यांचे माथे उबदार, म्हणून चित्रात करडे दिसतात. रडारचेही तसेच. मी पाहतो ते पणजीचे रडार गगनबावड्यापासून सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटरवर आहे. त्याचा अर्ध्या अंशाने तिरपा सोडलेला किरण, पृथ्वीच्या गोलाईमुळे, तिथे पोहोचेपर्यंत समुद्रसपाटीपासून जवळजवळ दोन किलोमीटर वर गेलेला असतो. त्याच्या खाली पडणारा पाऊस त्याला दिसतच नाही.

हे मला उशिरा कळले. एका रात्री फिकट चित्र पाहून मी प्रयाग चिखलीच्या चुलतभावाला पाऊस ओसरल्याचे कळवले. घाटात मात्र पावसाची धार तुटली नव्हती. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी पहाटेपर्यंत गावाजवळच्या संगमावर एकत्र आले, आणि त्याला अंधारातच जनावरे हलवावी लागली. २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलेली, याच नद्यांची बनलेली पंचगंगा पाहिलेल्या गावाला मी असा निरोप दिला, याचे मला आजही वाईट वाटते.

संपूर्ण जिल्ह्यासाठी एकच अंदाज आपल्याला पुरत नाही, हे माझे ठाम मत आहे, कारण घाटातल्या गगनबावड्याचा पाऊस आणि पूर्वेकडच्या सपाटीवरच्या शिरोळचा पाऊस यांची तुलनाच होत नाही. हवामान विभाग कोल्हापूरच्या घाट विभागाचा इशारा आता वेगळा देतो, ही फार मोलाची सोय झाली आहे.

पावसाळ्यात मी चित्रे सर्वांत शेवटी पाहतो. आधी गगनबावडा आणि राधानगरीचा चोवीस तासांतला पाऊस, मग राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले ते, आणि मग बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी; चुलतभावाला मी आता ढगाचा रंग सांगत नाही, दर दोन तासांनी पाणी किती इंच चढले तेवढे कळवतो, आणि ३७ फूट झाले, की तो गोठा रिकामा करायला घेतो.