दाइमीच्या दारात दहा महिने

साओ पावलोत नोकरीनिमित्त येऊन मला तिसरे वर्ष लागले होते, तेव्हा कार्यालयातील एका वडीलधाऱ्या सहकारी बाईंनी आपल्या चर्चविषयी मला प्रथम सांगितले. शहरापासून दोन तासांवर, डोंगरातल्या जंगलात त्यांचे प्रार्थनागृह होते. तिथे येशू आणि मरियेबरोबर सूर्य, चंद्र, तारे आणि अरण्याची राणी यांचीही स्तोत्रे गायली जात, आणि प्रसाद म्हणून एका वेलीचा व एका झुडपाच्या पानांचा काढा दिला जाई. त्या काढ्याचे नाव दाइमी. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘मला दे’ असा होतो, आणि त्यातले ‘दे’ हे आपल्या ‘दे’चेच लांबचे भावंड आहे, हे लक्षात आल्यावर मला त्या शब्दाविषयी उगाचच आपुलकी वाटू लागली. बाहेरचे जग याच काढ्याला आयावास्का म्हणून ओळखते.

एखाद्या शनिवारी जावे, पेला घ्यावा आणि रविवारी परतावे, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात पहिला पेला हाती यायला दहा महिने लागले, आणि मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्या दहा महिन्यांविषयीच.

पहिली पायरी मुलाखतीची होती. तिच्याआधी एक अर्ज भरायचा होता: हृदयविकार, रक्तदाब, घराण्यात कोणाला मनोविकाराचा गंभीर आजार, आणि चालू असलेली औषधे. वडील गेल्यानंतर दीड वर्षापासून मी फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची गोळी घेत होते. तो रकाना कोरा ठेवावा असा मोह मला झाला, हे कबूल करते, शेवटी लिहिले. मुलाखत घेणाऱ्या बाईंना सगळे ‘मादरीन्या’, म्हणजे धर्ममाता, म्हणत, आणि त्यांच्या शेजारी चर्चमधल्याच एक डॉक्टरबाई बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे समजावले की पानांत डीएमटी नावाचे द्रव्य असते, ते नुसते प्यायले तर शरीरातील एक विकर त्याचा निकाल लावते आणि परिणाम होत नाही. वेलीतील हार्मीनसारखी द्रव्ये त्या विकरालाच अडवतात, म्हणून काढा काम करतो. आणि नेमके याच कारणाने माझ्या गोळीबरोबर तो घेतला तर सेरोटोनिन हे मेंदूतील रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकते. मग मादरीन्यांनी अर्ज पालथा ठेवला आणि म्हणाल्या, “यासाठी गोळी सोडायची नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्या प्रकृतीचा विचार करून ती थांबवली, तर पुढे बोलू.”

मला राग आला. देवाच्या दारात वैद्यकीय दाखला मागतात, असे मी घरी फोनवर म्हटलेही.

त्या कडकपणामागे काय होते ते हळूहळू कळत गेले. ब्राझीलच्या सरकारने १९८५ मध्ये या वेलीला बंदी असलेल्या पदार्थांच्या यादीत घातले होते. नंतर सरकारी पथकाने या समुदायांत जाऊन पाहणी केली आणि १९८७ मध्ये ती यादीतून कायमची वगळली गेली. २५ जानेवारी २०१० च्या ठरावाने धार्मिक वापराचे नियम घालून दिले: काढा विकायचा नाही, त्याची जाहिरात करायची नाही, नवागताची मुलाखत घेतल्याशिवाय त्याला द्यायचा नाही. त्यानंतर दोनच महिन्यांत, साओ पावलोला लागून असलेल्या ओसास्कू येथे, स्वतः दाइमीचे एक चर्च स्थापन केलेले व्यंगचित्रकार ग्लाउकू आणि त्यांचा मुलगा यांची हत्या झाली. मारेकरी त्या चर्चमध्ये येऊन गेलेला, मनोविकाराने ग्रासलेला तरुण होता. काढ्याला दोष द्यायचा की आजाराला, यावर तेव्हा देशभर वाद झाला. आमच्या चर्चमध्ये त्या प्रसंगाचा उल्लेख क्वचितच होई, पण अर्जातील प्रत्येक रकान्यामागे तो उभा असे.

पेला नाकारला तरी येणे नाकारले नव्हते. दोन महिन्यांनी काढा तयार करण्याचा सोहळा होता, त्याला फेइचिउ म्हणतात, आणि पाने पुसायला या असा निरोप आला. मी गेले, आणि पुढेही जात राहिले. पुरुष जागुबी नावाची वेल लाकडी मोगऱ्यांनी ठेचत होते, समोरासमोर ओळीने बसून, स्तोत्रांच्या ठेक्यावर. आपल्याकडे जात्यावर बायकांनी ओव्या गायल्या. इथे कांडणाचे आणि गाण्याचे काम पुरुषांकडे आहे, याची मला गंमत वाटली. आम्हा बायकांकडे पाने होती. त्या झुडपाला राइन्या, म्हणजे राणी, म्हणतात. ते कॉफीच्या कुळातले आहे आणि त्याचे चकचकीत पान पाहिले की ते नाते पटते. प्रत्येक पान हातात घ्यायचे, दोन्ही बाजूंनी फडक्याने पुसायचे, किडीची अंडी, कोळ्याचे जाळे, माती काढायची आणि टोपलीत टाकायचे. मेथी निवडण्याची सवय असलेल्या हातांना हे काम परके नव्हते. फक्त गप्पा हळू आवाजात, आणि कोणाविषयी वाईट बोलायचे नाही. नंतर ठेचलेली वेल आणि पाने थरांवर थर लावून मोठ्या हंड्यांत चढवली आणि लाकडांवर तासन्‌तास आटवली. आटवणे चालूच राहते. रात्रीही कोणीतरी चुलीपाशी जागे असतेच.

पाने पुसतानाच मी मेस्त्री, म्हणजे गुरू, इरिनेउंची गोष्ट ऐकली. रायमुंदू इरिनेउ सेहा हे मारान्याउं प्रांतातील, गुलामांच्या वंशातील धिप्पाड कृष्णवर्णीय गृहस्थ, रबराचा चीक गोळा करण्याच्या कामावर अॅमेझॉनच्या पश्चिम टोकाला, आक्री प्रांतात गेले. तिथल्या आदिवासींकडून आलेला हा काढा त्यांनी सरहद्दीवरच्या जंगलात घेतला, त्यात त्यांना चंद्रावर बसलेल्या अरण्याच्या राणीचे दर्शन झाले, आणि १९३० मध्ये रिउ ब्रांकू येथे त्यांनी या पंथाची सुरुवात केली. १९७१ मध्ये ते वारले. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी एवढे सांगून पुढे जोडले, “आधी ते जंगलातल्या लोकांचे होते, हे विसरायचे नाही.”

एका खेपेला मात्र मला पाने पुसू दिली नाहीत, कारण माझी पाळी चालू होती. पृथ्वीला आई म्हणणाऱ्या, चंद्राची गाणी गाणाऱ्या मंडळींतही बाजूला बसणे सुटले नाही, हे पाहून मला आजोळची माजघराबाहेरची चटई आठवली. मी विरोध केला नाही, पण मला ते पटले नाही आणि अजूनही पटत नाही.

आठव्या महिन्यात माझ्या डॉक्टरांनी, त्यांनीच आधी ठरवलेल्या क्रमाने, गोळीची मात्रा उतरवत ती बंद केली. फ्लुओक्सेटीन शरीरात कित्येक आठवडे रेंगाळते, म्हणून चर्चने आणखी दोन महिने थांबवले. मग पुन्हा मुलाखत, तीन दिवस मद्य आणि शरीरसंबंध वर्ज्य, पांढरा लांब परकर, आणि महिन्याची १५ तारीख. १५ आणि ३० या तारखांना ध्यानाची सभा असते. मध्यभागी मेज, त्यावर दोन आडव्या भुजांचा क्रूस, एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष, आपल्याकडच्या कीर्तनात बसतात तसे.

काढ्याची चव कडू, आंबट आणि मातकट आहे. तासभर काही झाले नाही. मग घाम, मळमळ आणि हे आता थांबावे अशी तीव्र इच्छा; पण सभा संपेपर्यंत उठून निघून जायचे नाही हा नियम आहे, आणि तो किती शहाणपणाचा आहे हे तेव्हाच समजते. मला उलटी झाली. देखरेखीला असलेल्या बाईंनी बादली धरली आणि पाठीवर हात ठेवला. त्याला ते ‘सफाई’ म्हणतात, आणि कोणी तोंड फिरवत नाही. काय दिसले असे लोक विचारतात, तर फारच थोडे: पुसलेल्या पानांच्या शिरा, हिरव्या, हलणाऱ्या. मात्र गाणी सुरू झाल्यावर, मराका नावाच्या खुळखुळ्याचा आवाज चिपळ्यांसारखा कानांवर पडत असताना, वडिलांसाठी न आलेले रडू आले. ते काढ्यामुळे आले की त्या गाण्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. आळंदीच्या वाटेवर, कोणताही काढा न घेता, टाळकऱ्यांत उभी राहून रडणारी माणसे मी पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी त्याच बाईंचा फोन आला: झोप लागली का, जेवलात का. आठवड्याने पुन्हा आला.

आईला सगळे सांगितले तेव्हा तिने फक्त इतके विचारले की येताना थोडे तीर्थ आणशील का. भारतातील १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत डीएमटी आहे आणि तिच्या त्या तीर्थापायी मला विमानतळावरच अटक होईल, हे समजावता समजावता आम्ही दोघीही हसत सुटलो.

मादरीन्यांनी नंतर एकदा विचारले की दीक्षा घेऊन गणवेश घालणार का. मी नाही म्हटले. त्यांनी कारण विचारले नाही. पुढचा फेइचिउ कधी आहे तेवढे सांगितले आणि येताना दोन जुनी सुती फडकी आणा म्हणाल्या, चर्चमधली झिजली आहेत.