तुम्ही विचारलंत म्हणून : क्लचच्या कामाला एवढा वेळ का लागतो?

क्लच बदलायला दिलेली व्हॅन अजून गॅरेजातच कशी, हा प्रश्न मला शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या सुरात बहुधा गॅरेजवाल्याने मला गंडवले असावे अशी शंका असते. तसे झालेले नाही. काम वाढले ते गाडीच्या रचनेमुळे आणि कोकणातल्या हवेमुळे.

व्हॅन म्हणजे जुनी, कार्ब्युरेटरवाली मारुती ओम्नी. हे मॉडेल १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ या नावाने बाजारात आले आणि २०१९ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि तिथून मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, अशी तिची मांडणी असल्यामुळे क्लचप्लेट बदलायची तर शाफ्ट सोडवून गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो. प्लेट फार महाग नसते. पैसे जातात ते उतरवण्या-चढवण्याच्या मजुरीत. गिअरबॉक्स उतरला की इंजिनातले तेल अडवणाऱ्या क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलपर्यंत पोहोचता येते, आणि ते पाझरत असेल तर तेच तेल उद्या नव्या प्लेटवर येऊन क्लच पुन्हा घसरू लागणार, हे उघड असते. अशा वेळी मिस्त्री म्हणतात, “आता उघडलंच आहे तर सीलही टाकून घेऊ.” हे वाक्य पुष्कळांना गिऱ्हाईक कापण्याची युक्ती वाटते. मला तो साधा हिशेब वाटतो, कारण तीच मजुरी दुसऱ्यांदा देण्यापेक्षा सील आत्ता घेणे केव्हाही स्वस्त पडते.

सीलपर्यंत सारे क्लचचेच काम होते. ते वाढले गिअरबॉक्सच्या माउंटिंगपाशी, म्हणजे तो गाडीच्या तळाला जिथे बोल्टने धरलेला असतो तिथे, कारण तिथला एक बोल्ट सोडवताना नट आतल्या आत फिरू लागला आणि शेवटी पत्र्याच्या तुकड्यासकट हातात आला. आमच्या रत्नागिरीत समुद्राची खारी हवा गाडीच्या तळाशी बसते, आणि मीठ हवेतला ओलावा धरून ठेवत असल्यामुळे पाऊस नसतानाही गंज थांबत नाही. त्यातही उघड्या पत्र्यापेक्षा स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी, जोडलेल्या दोन पत्र्यांमधली फट अधिक धोक्याची, कारण तिथे रंग पोहोचलेला नसतो आणि शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असते. त्यामुळे तो जोड आतून फाकवतो, फट रुंदावते, आणखी पाणी शिरते. आधीच्या कोणा डेंटरने या भागावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवणारी पुट्टी, भरून वरून डांबरी लेप दिला होता. तो लेप निरोगी पत्र्यावर उत्तम. गंजलेल्या पत्र्यावर मात्र तो ओल कोंडतो आणि दोष झाकतो. तो खरवडला तेव्हा पेचकस मेंबरमधून, म्हणजे तळाला बळकटी देणाऱ्या पत्र्याच्या पोकळ तुळईतून, आरपार गेला. जीपप्रमाणे हिची बॉडी बोल्ट काढून चासीवरून, म्हणजे खालच्या वेगळ्या सांगाड्यावरून, उचलता येत नाही, म्हणून तळाचा मेंबर कुजला की प्रश्न साऱ्या गाडीच्या मजबुतीचा होतो.

मेंबर कापून नवा बसवायचा तर वेल्डिंग आले, आणि वेल्डिंग आले की पेट्रोलची टाकी, सीट, रबरी मॅट आणि जवळून जाणारे वायरिंग ही सगळी बाहेर काढणे भाग असते. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. साध्या आर्क वेल्डिंगने त्याला भोके पडतात, गॅसच्या आचेने तो वाकतो, म्हणून सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात बारीक तारेने होणारे) वेल्डिंग करणाराच शोधावा लागला, आणि त्याच्या तारखा त्याच्या सोयीने मिळतात. काढताना वायरींचे आवरण तडकू लागले, त्यामुळे वायरिंग नवे ठरले. पाणी मुळात येत होते पुढच्या काचेच्या रबराखालून; चौकटीचा खालचा कोपरा गंजाने खाल्लेला होता. तळ नवा करून वरची गळती तशीच ठेवणे मला पटेना, म्हणून काचही उतरली. एवढे पॅच मारल्यावर सगळी गाडी रंगवणे ओघानेच आले. रंग पांढराच ठेवणार आहे, कारण आरसी पुस्तकात तोच आहे.

मग थांबायचे कुठे, हाही प्रश्न लगेच येतो. इंजिन मी उघडू दिलेले नाही. उत्साह तिथेही होता. “रिंगा बदलून टाकू” (पिस्टनच्या रिंगा) असे सुचवले गेले, परंतु कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजल्यावर तिन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले आणि धूरही नव्हता. जिथे मोजता येते तिथे गेज काय सांगतो तेच मी ऐकतो. पत्र्याच्या बाबतीत असा गेज नसतो, तो ठोकून आणि खरवडूनच कळतो, आणि म्हणूनच पत्र्याचे अंदाजपत्रक कोणीही प्रामाणिकपणे आधी देऊ शकत नाही. हेच इंजिन मारुती ८०० मध्येही असल्यामुळे त्याचे सुटे भाग पुढेही मिळतील. दुर्मीळ होत चालली आहेत ती रबरे आणि बॉडीचे पत्रे.

“एवढ्या पैशांत दुसरी सेकंडहँड गाडी आली असती,” असे म्हणणाऱ्यांचे गणित बरोबर आहे. फक्त ती दुसरी गाडीही याच किनाऱ्यावर फिरलेली असणार आणि तिच्या लेपाखाली काय आहे हे मला ठाऊक नसणार. शिवाय १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी ५-५ वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते; त्या तपासणीला पोकळ मेंबरची गाडी नेणे मला योग्य वाटत नाही.

सध्या मेंबर बसला आहे, झिंक प्रायमर मारून झाला आहे आणि वायरिंग चालू आहे. काचेचे रबर आले की काच बसेल, त्यानंतर रंग. क्लचप्लेट केव्हाच आली आहे. गिअरबॉक्स चढेल तेव्हा ती बसेल.